पडद्यावरचे आकाश

कला शाखेच्या विद्यार्थ्याने खगोलशास्त्रावर लिहावे, आणि तेही संगणकातल्या खगोलशास्त्रावर, म्हणजे परक्या शेतात नांगर घालणे होय, असे काही वाचकांना वाटेल. शास्त्र शाखेचे मित्र गालात हसतील आणि आमच्याच वर्गातले मित्र विचारतील, "अरे, परीक्षेला हे आहे का?" दोघांचीही शंका रास्त आहे. पण ही शेते इतकी वेगळी आहेत का, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे. पेशाने ते शिक्षक होते. 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ साली लिहिणारे लोकमान्य टिळक वेदातल्या वचनांवरून आकाशाचा काळ शोधत होते. हे काम गणिताचे म्हणावे, संस्कृतचे म्हणावे की इतिहासाचे? अगदी अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर २०२१ साली नाशिकला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा विज्ञानाइतकीच मराठी साहित्याचीही हानी झाली. सांगायचा मुद्दा असा, की आकाश ही मराठी भाषेच्या आणि इतिहासाच्या वहिवाटीतली जुनी जमीन आहे. ती आपण पडीक टाकली, हा दोष जमिनीचा नव्हे.

आता ही जमीन पुन्हा कसण्याचे एक नवे अवजार हाती आले आहे. त्याविषयी माझे जे मत बनले, ते मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडतो.

ज्यांनी हे अवजार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकावर आकाश दाखवणारी अनेक सॉफ्टवेअर आज मिळतात. त्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आणि दोन्ही फुकट. पहिले 'स्टेलेरियम'. फाबियाँ शेरो या फ्रेंच तरुणाने २००० साली त्याचे काम सुरू केले आणि पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी ते वाढवले. दुसरे 'सेलेस्टिया', क्रिस लॉरेल यांनी २००१ साली लोकांपुढे आणलेले. दोहोंत एक मूलभूत फरक आहे. स्टेलेरियम तुम्हाला जमिनीवर उभे करते आणि मान वर करायला लावते. सेलेस्टिया तुम्हाला उचलते आणि ताऱ्यांच्या मधून हिंडवते. एक आकाश दाखवते, दुसरे अवकाशात नेते. पहिल्याला माऊस आणि कळफलक पुरतो. दुसऱ्यात मनसोक्त फिरायचे तर हातात कांडी हवी, म्हणजे मुले खेळासाठी वापरतात ती जॉयस्टिक.

एके काळी एवढ्यासाठी मुंबई गाठावी लागे. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झाले. कर्जतच्या मुलाला तिथे जायचे तर लोकलचे जाऊन-येऊन चार तास आणि खेळ संपला की पुन्हा गर्दी. तो घुमट भव्य आहे आणि त्याची सर घरच्या पडद्याला येणार नाही. पण तिथे दाखवणारा दुसरा असतो, आपण फक्त पाहतो. घरच्या संगणकात प्रश्न विचारणारे आपण असतो. शिक्षणाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

भिसेगावातून हे आकाश पाहायचे तर आधी संगणकाला आपला पत्ता सांगावा लागतो: उत्तर अक्षांश सुमारे १८.९, पूर्व रेखांश सुमारे ७३.३. एवढे सांगितले की दोन गोष्टी ताबडतोब कळतात. ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर दिसतो, म्हणजे तो डोक्यावर शोधणाऱ्यांची मान फुकट दुखते. आणि सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर सरासरीने बारा वाजून सदतीस मिनिटांनी. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे, आपण राहतो त्याच्या पश्चिमेला. ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात प्रत्येकाने पाठ केलेली असते. पण आपल्या गावाच्या नावासमोर ती पडद्यावर दिसते, तेव्हाच ती खरी वाटते.

आपल्याकडे या अवजाराची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचे कारण पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला आकाश नावाची वस्तू नसते, असतात ते ढग. नेमक्या त्याच दिवसांत रात्रीच्या पहिल्या प्रहरी वृश्चिक आणि धनू दक्षिणेला माथ्याच्या रेषेवर येतात आणि आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा त्यांच्या मागे असतो. म्हणजे आकाशातली सर्वांत श्रीमंत जागा आपल्याला सोयीच्या वेळी जवळजवळ कधीच दिसत नाही. ज्याला ती पाहायची त्याने मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठावे. पण काय पाहायचे ते आधी माहीत असेल तरच माणूस पहाटे उठतो. ती ओळख पावसाळ्यात पडद्यावर करून घेता येते.

याहून मौजेची गोष्ट मृगाची. आपल्या तालुक्यातले शेतकरी अजूनही पाऊस नक्षत्रांनी मोजतात: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. मृग लागला की भाताच्या पेरणीची घाई सुरू होते. पण मृग लागतो त्या दिवसांत आकाशात मृग शोधून पाहा, दिसणार नाही. आणि तो ढगांमुळे दिसत नाही असेही नव्हे. सूर्य त्या नक्षत्राच्या दिशेला आलेला असतो, म्हणूनच तर 'मृग लागला' असे म्हणतात. नक्षत्र दिवसा सूर्याबरोबर उगवते आणि त्याच्याबरोबर मावळते. हे तोंडी समजावून सांगणे कठीण जाते. स्टेलेरियममध्ये वातावरण घालवून टाकण्याची एक कळ आहे. जूनची तारीख आणि दुपारची वेळ देऊन ती दाबली की निळे आकाश जाते, मागे काळे आकाश येते आणि त्यात सूर्य मृगाच्या डोक्याजवळ तळपताना दिसतो. पंचांगातला एक शब्द आणि आकाशातली एक जागा यांची गाठ तिथे पडते. ज्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणतो त्याच्या तोंडच्या शब्दात केवढे निरीक्षण साठवलेले आहे, हे मला पडद्याकडे पाहूनच उमगले.

आता कला शाखेच्या खास उपयोगाकडे वळतो. दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातला एक उल्लेख पुढे आणला. त्याचा आशय असा, की कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, म्हणजे नेमक्या पूर्वेला उगवतात. आज कृत्तिका आपल्याकडे पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे फार मंद गतीने डुलतो आणि सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरी पुरी करतो, म्हणून हा फरक पडतो. मग कृत्तिका नेमक्या पूर्वेला कधी उगवत होत्या? दीक्षितांनी हे गणित हाताने केले आणि उत्तर आले इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे. टिळकांनी वसंतसंपात मृगशीर्षात होता तो काळ शोधला आणि ते आणखी मागे, इसवी सनापूर्वी चार हजारांच्या आसपास गेले. आज ही दोन्ही आकाशे आपल्यासमोर उभी करायला काही क्षण लागतात. वर्षाच्या जागी आकडा घालायचा आणि पूर्वेकडे तोंड करायचे. कृत्तिका खरोखरच पूर्वेच्या खुणेवर वर येतात.

पण येथेच सावध व्हायला हवे. संगणकाने काय सिद्ध केले? त्या काळी आकाश तसे होते, एवढेच. तो उल्लेख त्याच काळी रचला गेला, की पूर्वापार चालत आलेली आठवण पुढे केव्हातरी ग्रथित झाली, की त्या शब्दांचा अर्थच मुळात वेगळा आहे, या प्रश्नांना संगणकाजवळ उत्तर नाही. विद्वानांचा वाद आहे तो या प्रश्नांवर. ते भाषेचे, पाठाचे, इतिहासाचे प्रश्न आहेत. म्हणजे गणिताचा भार यंत्राने उचलला की जे काम शिल्लक उरते ते आपल्या शाखेचे. अशा वेळी आपणच 'तो विषय शास्त्रवाल्यांचा' म्हणून दूर बसलो, तर ग्रंथ न वाचता आकडे नाचवणारे लोक ती जागा भरून काढतील. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या तारखा मिनिटासकट जाहीर करणारे उत्साही लोक आज कमी नाहीत. त्यांच्या हातातले अवजार हेच असते. दोष अवजाराचा नाही, वाचनाचा आहे.

आता त्या कांडीविषयी. साधा माऊस दोनच दिशांत सरकतो. अवकाशात हिंडायला सहा प्रकारची हालचाल लागते: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि या तिन्ही अक्षांभोवती तीन प्रकारचे वळणे. हे सगळे एका मुठीत मावावे म्हणून जर्मनीच्या अवकाश संस्थेत एक खास चेंडूसारखा नियंत्रक तयार झाला. १९९३ साली कोलंबिया यानात झालेल्या रोटेक्स प्रयोगात यंत्राचा हात चालवायला तो वापरला गेला. त्याच जातीचे नियंत्रक आज घरगुती संगणकालाही जोडता येतात, आणि खेळाची साधी जॉयस्टिकही पुष्कळ काम भागवते. ती हातात घेतली की पाच मिनिटांत माणूस शनीच्या कड्यांतून शिरून पलीकडे निघतो. मजा आहे, यात शंका नाही.

माझा आक्षेप आहे तो या मजेतल्या एका फसवणुकीला. कांडी दाबताच आपण व्याधाच्या ताऱ्याशी पोचतो. व्याध ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या वेगाने व्याधापर्यंतचे अंतर कापायचे तर सुमारे दीड लाख वर्षे लागतील. पडद्यावर आपण ते तीन सेकंदांत कापतो आणि 'हात्तिच्या, एवढेच!' म्हणून पुढे जातो. अवकाशाचे सर्वांत मोठे सत्य म्हणजे त्याचे रितेपण, आणि कांडी नेमके तेच गिळून टाकते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला पायाखालच्या काट्यांची खबर नसते, तशातली ही गत.

यावर उपाय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. वेग प्रकाशाइतकाच ठेवायचा, त्याहून जास्त नाही. मग पृथ्वीवरून चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो, ठीक. पण सूर्यापासून पृथ्वीवर यायला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. तेवढा वेळ पडद्यासमोर हलू नये, कांडीला हात लावू नये. काहीच घडत नाही. सूर्य मागे लहान होत जातो, एवढेच. कर्जतहून मुंबईला लोकल पोचायला सुमारे दोन तास लागतात. तेवढ्या वेळात प्रकाश शनीची कक्षा ओलांडतो, पण युरेनसपर्यंत पोचत नाही. ज्याने ती आठ मिनिटे प्रामाणिकपणे काढली, त्याला 'प्रकाशवर्ष' हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी सावधगिरी खऱ्या-खोट्याची. या सॉफ्टवेअरमधल्या ताऱ्यांच्या जागा कोणी कल्पनेने मांडलेल्या नाहीत. युरोपच्या हिपार्कस उपग्रहाने मोजलेल्या एक लाख अठरा हजार ताऱ्यांची यादी १९९७ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१३ साली सोडलेल्या गाया उपग्रहाने २०२५ पर्यंत काम केले आणि त्याच्या यादीत सुमारे १८० कोटी तारे आले. हे सारे मोजमाप आहे. पण दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर उतरल्यावर जे डोंगर आणि समुद्र दिसतात, ते चितारलेले आहेत. काही सॉफ्टवेअर तर न सापडलेले ग्रहही गणिती नियमाने आपोआप रचतात. आपल्या भागातल्या लोकांना हा भेद लवकर कळायला हवा. चौक रस्त्यावरच्या चित्रपटांच्या स्टुडिओत उभारलेले राजवाडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. समोरून संगमरवर, मागून लाकूड आणि प्लास्टर. म्हणून चित्रपट खोटा ठरत नाही. पण त्या राजवाड्यावरून इतिहास लिहायला बसू नये, एवढे भान ठेवावे लागते. पडद्यावरच्या अवकाशातही प्रत्येक चित्राला विचारावे, 'तू मोजलेले की मांडलेले?'

आता मुख्य प्रश्न. पडद्यावर सगळे दिसत असेल तर रात्री बाहेर कशाला जायचे? डास, दव, झोपमोड कशासाठी? याला उलट उत्तर देणारेही आहेत. त्यांच्या मते पडदा म्हणजे दुधाची तहान ताकावर. खऱ्या आकाशाचा माणूस असल्या चित्राकडे ढुंकूनही पाहणार नाही. मला दोन्ही टोके पटत नाहीत. आपल्याच रेल्वेमार्गावर वांगणीचे उदाहरण आहे. १९८५-८६ च्या हॅले धूमकेतूच्या सुमारास उभे राहिलेले मुंबईचे खगोल मंडळ वर्षानुवर्षे वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आले आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची. ही मंडळी दुर्बीणही वापरतात, संगणकही वापरतात आणि अंधारात सतरंजीवर उताणे पडून नुसत्या डोळ्यांनीही पाहतात. त्यांना त्यात विरोध दिसत नाही. संगणकाची कळ खऱ्या दुर्बिणीलाही जोडता येते, मग पडद्यावर ज्यावर बोट ठेवाल तिकडे दुर्बीण वळते. क्रम मात्र चुकू नये. आधी पडदा, मग आकाश, मग शंका निरसायला पुन्हा पडदा. मधली पायरी गाळली की उरतो तो नुसता खेळ.

मधली पायरी मात्र हळूहळू ढासळत आहे आणि तिची काळजी कोणी करताना दिसत नाही. मुंबईच्या लोकांनी वांगणी गाठली ती अंधारासाठी. आमच्या भिसेगावच्या गच्चीवरून पश्चिमेकडे पाहिले तर मध्यरात्रीही क्षितिजावर पिवळसर उजेड असतो. फार्महाऊसचे झोत, नव्या वसाहतींचे दिवे यांची भर दरवर्षी पडते आहे. अंधार हीही गावाची संपत्ती आहे, हे आपल्याला पटलेले नाही. स्टेलेरियममध्ये उजेडाच्या या उपद्रवासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ साली सुचवलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी आहे. पहिल्या पायरीवर आकाशात तारे मावत नाहीत. एका वेळी अडीच-तीन हजार दिसतात. पायरी वाढवत आठवर न्या, मोजके उरतात. ही कळ एकदा ग्रामसभेत नाही तर नगर परिषदेच्या सभेत सर्वांसमोर फिरवून दाखवावी असे मला फार वाटते. रस्त्यावरच्या दिव्याला वरून झाकण असावे, उजेड रस्त्यावर पडावा आणि आभाळात जाऊ नये, या साध्या मागणीसाठी याहून चांगला वकील मिळणार नाही.

अंधाराबरोबर आणखी एक गोष्ट जात आहे: आकाशाचे आपले शब्द. स्टेलेरियममध्ये जगातल्या अनेक लोकसमूहांची आकाशे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. चिनी आहे, इजिप्तचे आहे, भारतीय नक्षत्रांचेही आहे. पण ते आपल्या पोथीतले आकाश. लोकांचे आकाश निराळे असते. महाराष्ट्रात पुष्कळ गावांत सप्तर्षींना बाज म्हणतात: चार तारे बाजेचे चार पाय आणि शेपटीतले तीन तारे ती पळवायला आलेले चोर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड लोकांच्या आकाशाचा अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यातही ही म्हातारीची खाट आणि तिचे चोर आहेत. सेलेस्टियातून जरा दूर उडून पाहिले तर ही बाज मोडते. कारण सातांपैकी पाच तारे सुमारे ऐंशी प्रकाशवर्षांवर जवळजवळ आहेत, पण टोकाचे दोन, म्हणजे क्रतू आणि मरीची, त्यांच्या बरेच मागे आहेत. एक पाय आणि एक चोर, दोघेही केवळ आपल्या नजरेने त्या घोळक्यात बसवलेले! ही गंमत सांगायला आधी बाज माहीत असायला हवी.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीतल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर म्हाताऱ्या माणसांजवळ ताऱ्यांची कोणती नावे आहेत, कोणत्या गोष्टी आहेत? पहाटे कोणता तारा पाहून माणसे रानात निघत? हे कोणी नीट विचारून लिहून ठेवले आहे का? दरवर्षी त्या वाड्यांवरची दोन-चार वृद्ध माणसे जातात आणि आकाशाचा तेवढा तुकडा कायमचा विझतो. पुस्तकातला तारा विझायला कोट्यवधी वर्षे लागतात. ताऱ्याचे नाव मात्र एका पिढीत विझते.

म्हणून माझी सूचना अशी. ग्रंथालयातला एक संगणक वर्षभर या कामाला द्यावा. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या जॉयस्टिकची किंमत फार नाही. मराठी आणि इतिहास विभागांच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत वाड्यांवर जाऊन ताऱ्यांची नावे आणि गोष्टी त्यांच्याच बोलीत टिपून आणाव्यात. कोणी सांगितले, कोणत्या वाडीवर, हे सांगणाऱ्याच्या परवानगीने नोंदावे. शास्त्राच्या मित्रांनी ती नावे कोणत्या ताऱ्यांना लागू पडतात हे पडद्यावर आणि उघड्या आकाशाखाली ताडून पाहावे. स्टेलेरियममध्ये नव्या लोकसमूहाचे आकाश साध्या मजकुराच्या फायलींनी भरता येते. त्याला मोठे संगणकतज्ज्ञ लागत नाहीत. आपले क्षितिजही त्यात बसवता येते. यंत्राला वाटते की भिसेगावची जमीन सपाट आहे आणि सूर्य पंचांगाच्या वेळेवर उगवतो. आपल्याला माहीत आहे की पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे आणि ऊन गावात उशिराच उतरते. ती भिंत आणि वायव्येचा माथेरानचा डोंगर छायाचित्रांतून त्या क्षितिजावर उभा करावा.

एवढे झाले तर जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला मनुष्य आपल्या संगणकावर कर्जत तालुक्याचे आकाश उघडू शकेल आणि बाजेचे चोर त्याला मराठीत दिसतील. आज आपण दुसऱ्यांनी मोजलेले, दुसऱ्यांनी नाव दिलेले आकाश आयते पाहतो. त्यात आपली चार नावे घालण्याइतके तरी देणे आपण लागतो. गुरुजनांनी या सूचनेचा विचार करावा आणि मित्रांनी येत्या सुट्टीपूर्वी आपापली नावे ग्रंथालयात नोंदवावीत, एवढीच विनंती. वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना अभ्यासक्रमात हा विषय येईपर्यंत थांबता येणार नाही.